माहेराला कुलूप आणि जानेवारीची तारीख

पत्र थोडक्यात: वय २२, पहिलंच बाळंतपण. डॉक्टरांनी २८ जानेवारी ही तारीख दिली आहे. सासर परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात, माहेर बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली वाडी. पहिलं बाळंतपण माहेरीच, असं सासूबाईंचं म्हणणं. संक्रांत झाली की पाठवतो म्हणतात. पण आईवडील दसऱ्यानंतरच ऊसतोडीला, कोयत्यावर गेले आहेत, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले आहेत, गळीत संपेपर्यंत परत येणार नाहीत. घरी फक्त सत्तरीची आज्जी. आई फोनवर रडते आणि ‘उचल अंगावर राहिली तरी चालेल, मी येते’ म्हणते. नवरा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कंपनीत तीन पाळ्यांत काम करतो, एका खोलीत राहतो, ‘इकडंच ये’ म्हणतो. शेजारची एक बाई सांगते, तारीख काढून सिझर करून घे, म्हणजे धावपळच नको. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ निघालं. लोहाची गोळी रोज एक, सकाळी चहासोबत घेते, कधी विसरते. ‘मी कुठं जाऊ? आणि कळा सुरू झाल्या हे मला कळंल का?’

पत्रात तुम्ही उत्तर शोधताय ते घरांमध्ये: सासर, माहेर, नवऱ्याची खोली. बाळंतपण होणार दवाखान्यात. तो आधी ठरवा, घर त्याच्या मागून आपोआप ठरतं.

दवाखाना ठरवायला तुमच्या पत्रातला एकच आकडा पुरेसा आहे, ९.२. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात आणि तुमचा मधल्या पायरीचा आहे. बाळंतपणात थोडा रक्तस्राव प्रत्येकीला होतो. ज्या बाईच्या अंगात रक्त भरपूर आहे ती अर्धा लिटर गेलं तरी सावरते, तुम्हाला तेवढंच जड जाऊ शकतं. म्हणून तुमच्यासाठी दवाखान्याच्या अटी तीन: रात्री दोन वाजताही रक्त मिळालं पाहिजे, सिझर करणारे आणि भूल देणारे डॉक्टर असले पाहिजेत, आणि नवजात बाळांचा कक्ष असला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्र तपासणीला उत्तम, पण ही बाळंतपणाची जागा तुमच्यासाठी नाही. परभणीचं शासकीय स्त्री रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी, तुमच्या तिन्ही घरांच्या वाटेवर अशी मोठी सरकारी ठिकाणं आहेत. म्हणजे कुठलंच घर दवाखान्यावाचून बाद होत नाही. घरापासून तिथपर्यंत मध्यरात्री कोण नेणार, यावर निवड होईल.

आता माहेराकडे बघा. आई नसलेलं माहेर म्हणजे आज्जी आणि कुलपं. ऊसतोडीच्या दिवसांत वाडीवर म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं उरतात. जीप चालवणारे, डोली उचलणारे, ओळखीचे डॉक्टर शोधणारे सगळे हात फडावर असतात. अंबाजोगाई कितीही चांगलं असलं तरी रात्रीच्या घाटरस्त्यावर तुम्हाला तिथं नेणार कोण? रीत पाळायची म्हणून तिथं जाणं मला धोक्याचं वाटतं.

वाळूजच्या खोलीत नवरा आहे, पण आळीपाळीने तो रात्रपाळीतही असणार. दिवसभर तुम्ही एकट्या, बाहेरच्या नळावर पाणी भरणाऱ्या. घाटी जवळ आहे ही त्या जागेची एकमेव जमेची बाजू. सासूबाई किंवा जाऊ तिथं महिनाभर येऊन राहणार असतील तरच तो पर्याय धरा.

उरलं सासर. तिथं बाळंतपणं बघितलेली सासू आहे, दीर-जाऊ आहेत, तुमची नोंदणी आणि तुम्हाला ओळखणाऱ्या आशाताई आहेत, परभणी तासाभरावर आहे. माझा कौल सासरला. आणि आई? तिने आत्ताच कोयता मोडून यावं असं तुम्ही दोघी धरून चालला आहात. ती आज आली तर दोन महिने अर्धा कोयता, म्हणजे जोडीतलं एक माणूस, कमी पडणार, उचल फिटणार नाही, आणि त्यातले सात-आठ आठवडे ती नुसती वाट बघत बसणार. तिची खरी गरज पडते ती दवाखान्यातून घरी आल्यावरच्या पहिल्या तीन आठवड्यांत: रात्री दर दोन-तीन तासांनी पाजणं, टाके, लंगोट, झोपेचा बट्ट्याबोळ. तिला सांगा, मुकादमाशी आत्ताच बोलून ठेव, जानेवारीच्या शेवटी फोन येईल त्या दिवसापासून तीन आठवडे. अगोदर ठरलेली रजा मुकादम कुरकुरत का होईना देतो, ऐनवेळी निघून आलेली बाई त्याच्या हिशोबात पळून गेलेली ठरते. गळीत संपून आई घरी आली की मार्च-एप्रिलमध्ये दोन-अडीच महिन्यांचं लेकरू घेऊन निवांत माहेरी जा. बाळंतविडा, पाळणा, लेकीचे लाड, सगळं तेव्हा. उन्हाळा असला तरी अंगावर पिणाऱ्या लेकराला वरचं पाणी लागत नाही, तुम्ही मात्र स्वतः भरपूर प्या.

सासूबाईंशी रीतीवर वाद घालू नका, हरल्यासारखं वाटलं की माणूस रीतीला आणखी घट्ट धरतो. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते आणि तिथं डॉक्टर बघतात. येत्या ९ डिसेंबरला सासूबाईंना सोबत घेऊन जा. ‘हिचं रक्त कमी आहे, हिला रक्तपेढीजवळच ठेवा’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं सुनेच्या तोंडून ऐकलेल्यापेक्षा लवकर पटतं. हे रास्त आहे का? नाही. पण तुमच्याकडे दोनच महिने आहेत. आणि काहीही ठरलं, तरी ‘संक्रांत झाल्यावर’ हे मात्र कुणी मान्य करू नये. १४ जानेवारीला तुमचे ३८ आठवडे पूर्ण होतात, ३७ आठवड्यांनंतर बाळ कधीही येऊ शकतं. जिथं राहायचं तिथं ३१ डिसेंबरच्या आत पोहोचलेलं असलं पाहिजे. २८ जानेवारी हा अंदाज आहे, नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं फार थोडी असतात.

हाताशी असलेल्या दिवसांत पहिलं काम रक्ताचं. चहा लोहाला आतड्यात शिरू देत नाही, त्यामुळे आजवरच्या गोळ्यांचा बराचसा भाग वाया गेला. गोळी दुपारच्या जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा त्याच्या आगेमागे दोन तास नको. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी, नाहीतर दोघी एकमेकींचं काम बिघडवतात. तुमच्या आकड्याला साधारणपणे दिवसाला दोन लोहगोळ्या देतात. एकीवर का ठेवलंय ते ९ तारखेला विचारा. दिवस कमी उरले असल्याने शिरेतून लोह देता येईल का, हेही विचारा. सरकारी दवाखान्यात ते होतं आणि गोळ्यांपेक्षा लवकर आकडा वाढतो. शौचाला काळं होणं म्हणजे बिघाड नाही, बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, गोळी बंद करू नका. बाळंतपणानंतरही गोळ्या १८० दिवस चालू ठेवायच्या असतात. बहुतेक घरांत त्या बारशाआधीच फडताळात जातात.

तारीख काढून सिझर करायचा सल्ला सोडून द्या. बाळ आडवं किंवा पायाळू असेल, वार खाली असेल, रक्तदाब चढला असेल तर सिझर जीव वाचवतं, आणि अशा वेळी डॉक्टरने सांगितलं तर घाबरून नकारही देऊ नका. पण धावपळ टाळण्यासाठी पोट कापणं महाग पडतं. ३९ आठवड्यांच्या आत काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, तुमचं रक्त जास्त जातं, पुढच्या प्रत्येक गरोदरपणात त्या व्रणाची काळजी राहते. ३६ व्या आठवड्याला बाळाचं डोकं खाली आहे की नाही हे मात्र तपासून घ्या.

कळा कळतील का? कळतील. शेवटच्या महिन्यात पोट मधूनच घट्ट होतं आणि सैल पडतं, त्याला क्रम नसतो, चालल्यावर, पाणी पिल्यावर, कूस बदलल्यावर ते थांबतं. खऱ्या कळा थांबत नाहीत, कमरेतून पुढे येतात, प्रत्येक पुढची मागच्यापेक्षा लांब आणि जवळ असते. घड्याळ एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत लावायचं. पहिलटकरणीला पुस्तकी सल्ला असा की दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा. तुम्ही तासाभराच्या अंतरावर आहात आणि रक्त कमी आहे, तेव्हा दहा मिनिटांवर आल्या की निघायचं. लवकर पोहोचलात आणि परत पाठवलं तर पाठवू देत, त्यात लाज कसली? रक्ताचे धागे असलेला चिकट स्राव दिसला तर घाई नाही, ते एक-दोन दिवस आधीही होतं. पाणी गेलं तर मात्र कळा असोत-नसोत निघा. वेळ लिहून ठेवा आणि रंग बघा. हिरवट किंवा तपकिरी पाणी म्हणजे बाळाने पोटातच शी केली आहे, तिथं मिनिटं मोजायची. कळांची वाट न बघता निघायची कारणं आणखी आहेत: पाळीसारखा लाल रक्तस्राव, कपाळ फोडणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, झटके, ताप, आणि बाळाचं फिरणं कमी होणं. फिरणं कमी वाटलं तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडा, दोन तासांत दहा हालचाली मोजून झाल्या नाहीत तर सकाळची वाट बघू नका.

आता गाडी. गरोदर बाईला घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी सोडायला १०२, जिवावर बेतलं तर १०८. दोन्ही मोफत. पण फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका, गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि त्यांचा होकार आत्ताच घेऊन ठेवा, कारण पहिला नेमका लग्नाचं भाडं घेऊन गेलेला असतो. तुमच्या वाटेत साखर कारखाना असेल तर आडरस्ता माहीत करून घ्या. जानेवारीत कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि रात्री दिव्याविना उभी असलेली ट्रॉली जवळ जाईपर्यंत दिसत नाही. ड्रायव्हरला हे बजावून ठेवा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ऐकवा. कळा ‘मंद’ आहेत म्हणून गावातल्या डॉक्टरकडून कळा वाढवायचं इंजेक्शन घरी घेऊ नका. दवाखान्यात ते थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके ऐकत देतात. घरी एकदम दंडात दिलं तर गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

पिशवी जानेवारी लागताना दाराशी तयार ठेवा. आधी कागद: माता बाल संरक्षण कार्ड, सगळे सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड, आणि सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. तुमच्यासाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठ्या पॅडची दोन पाकिटं, चादर, चप्पल, मग, थर्मास, मोबाइलचा चार्जर. लेकरासाठी जुन्या सुती लुगड्याचे धुऊन उन्हात वाळवलेले पाच-सहा तुकडे, आठ-दहा लंगोट, दोन टोपरी, मोजे, झबली, एक मऊ गोधडी. सुट्टे पैसे ठेवा, वॉर्डाबाहेर चहावाल्याला पाचशेची नोट चालत नाही. हातातल्या बांगड्या आणि नखांचं पॉलिश आधीच काढा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र पॉलिशवरून चुकीचं दाखवतं. मध, घुटी, दुधाची बाटली आणि काजळाची डबी पिशवीत घालू नका.

खर्चाची भीती पत्रात नाही, पण दिसते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन आणि सिझरला सात दिवसांचं जेवण, हे सगळं त्यात येतं. रेशनकार्डाचा रंग त्यात आड येत नाही. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात आली तर आधी प्रभारी परिचारिकेला विचारा.

सोबत कोण? सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एका स्त्री नातेवाइकाला आत थांबू द्यावं असं शासनाचं धोरण आहे, शक्यतो जिची स्वतःची बाळंतपणं झाली आहेत अशी. सासूबाई थांबणार असतील तर त्यांचं काम समजावून सांगा: कमर चोळणं, पाणी पाजणं, चालायला लावणं, दर दोन तासांनी लघवीला नेणं. ‘जोर लाव’ हे सिस्टर म्हणतील तेव्हाच. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडण्याआधी जोर लावला की बाई दमते आणि ते तोंड सुजतं. पहिल्या खेपेला कळा जोरात सुरू झाल्यावरही बारा तास लागू शकतात, त्यात बिघडलेलं काही नसतं. बाळ झाल्यावर पहिले दोन तास सोबतच्या बाईने पॅडकडे लक्ष ठेवायचं. भराभर भिजत असेल, किंवा तुम्हाला घाम फुटून गरगरत असेल तर तोंडाने बोलावत न बसता सिस्टरला हाताला धरून आणायचं. तुमच्या ९.२ मुळे हे काम सगळ्यात महत्त्वाचं.

लेकरू झालं की पुसून थेट तुमच्या छातीवर, वरून पांघरूण. पहिल्या तासात अंगावर लावा, सिझर झालं तरी बहुतेक वेळा हे जमतं. पहिले दोन-तीन दिवस पिवळा घट्ट चीक येतो आणि घरातली म्हातारी माणसं ‘दूध आलंच नाही’ म्हणतात. पहिल्या दिवशी लेकराच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं, चीक तेवढाच असतो. चीक फेकून मध चाटवला तर लेकराची पहिली संरक्षणाची शिदोरी गेली आणि वर जंतूंची भीती. पुरतंय की नाही हे लघवीवरून ओळखा: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी ओले लंगोट. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून निघतं.

जानेवारीतल्या रात्री आपल्याकडे चांगल्याच गार असतात, आणि अडीच किलोच्या आतलं लेकरू पटकन थंड पडतं. पोट आणि तळपाय हाताने बघा. पोट गरम आणि पाय गार म्हणजे त्याला थंडी वाजते आहे. उपाय म्हणजे उघडं लेकरू टोपरं, लंगोट आणि मोजे घालून छातीशी, वरून गोधडी. हे आजी, नवरा कुणीही करू शकतं. आंघोळ पहिल्या दिवशी नको, लहान लेकराला तर नाळ गळेपर्यंत पुसून घेणंच बरं. नाळेला हळद, राख, तेल काही नको, कोरडी ठेवा. आणि बाजेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून बाळंतिणीला शेकायचं, हे करू देऊ नका. निखाऱ्यांचा धूर दिसत नसला तरी बंद खोलीत त्याचा विषारी वायू साचतो, आणि झोपेत असलेल्या दोघांना त्याचा वासही येत नाही. शेक घ्यायचाच असेल तर दार उघडं, कुणीतरी जागं, लेकरू दुसऱ्या खोलीत.

पाचवीची पूजा, सटवाईचा नैवेद्य, बारसं, सगळं करा. फक्त पाचवीपर्यंत बाळंतिणीला पेजेवर ठेवायचं आणि पाणी तोडायचं ही भानगड नको. पहिल्या दिवसापासून भाकरी, वरण, मेथी-शेपू, अळीव, डिंकाचे लाडू, आणि तहान लागेल तेवढं पाणी. घुटीचं साहित्य सहाणेवर उगाळून पूजेत ठेवलं तर देवीला चालतं, लेकराच्या तोंडात सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही जाऊ नये. डॉक्टरांनी दिलेले थेंब तेवढे वेगळे.

दवाखान्यातून ४८ तासांच्या आत सुट्टी मागू नका. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, कावीळ ब ची लस आणि व्हिटॅमिन के झालंय का, हे कार्डावर बघून निघा. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्यांना लेकरू उघडून दाखवा. पिणं सोडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर, छाती आत ओढली जातेय, पहिल्याच दिवशी किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा आला, तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका, दवाखान्यात न्या. तुम्हाला ताप, दुर्गंधी स्राव, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका पायाला सूज किंवा जोराची डोकेदुखी आली तरी तेच. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही ते थांबलं नाही, लेकराकडे बघावंसं वाटेना, तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, मराठीतून बोलता येतं.

राहिले कागद. पहिल्या लेकरासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, पहिला ३,००० चा तुमच्या नोंदणीवर आणि तपासणीवर. तो आला नसेल तर अंगणवाडीताईंना आत्ताच विचारा. दुसरा २,००० चा जन्मनोंदणी आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर येतो. जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत, आणि सरकारी दवाखान्यात ती तिथूनच होते. बारशाचं नाव नंतर घालता येतं, पण आईचं नाव आधारवर आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहिलंय का, हे सुट्टी घेताना बघून घ्या.